बाराव्या प्रश्नाचं कार्ड

पांढरकवडा,
७ एप्रिल १९६१

सत्यशीला,

माझं सगळं बदललं ते ९ जानेवारीला, सोमवारी, सकाळी पावणेनऊ वाजता. त्या वेळी पोस्टमन माझ्या घरमालकिणीच्या दारासमोरून पुढे गेला. मी खिडकीत उभा होतो. मनाशी ठरवून ठेवलं होतं की आजही तुझं पत्र आलं नाही तर ते कधीच येणार नाही. त्याने शेजारच्या दारात दोन लिफाफे टाकले, माझ्याकडे बघून टोपीला हात लावला आणि निघून गेला. संपलं. त्याच दुपारी मी कॉलेज सोडलं.

हे तुला कळावं म्हणून लिहितोय. वर जय भीम लिहिलेलं नाही, तेही तुला कळावं म्हणूनच.

मी विलायतेहून परत आलो त्याला महिना झाला. तू वणीच्या शाळेत मास्तरीण झालीस, मावशीकडे राहतेस, हे मला इथे कळलं. मग मी आलोय हे तुला तिथे कळलं नसेल असं होणारच नाही. पांढरकवड्यात कोणाचं कुत्रं लंगडलं तरी वणीला बातमी जाते.

बाबा माझ्याशी बोलत नाहीत. पहिल्या दिवशी ते काम करतात त्या कापसाच्या जिनात गेलो. ते कापसाच्या गाठीला पट्टी आवळत होते. सोबतच्यांनी म्हटलं, "देवराव, पोरगा आला न तुमचा!" बाबांनी मान वर केली नाही. म्हणाले, "माहा पोट्टा विलायतेले शिकून राह्यला. हा कोन होय, मले मालूम नाही." दोस्तीखातर नजीरने त्याच्या गॅरेजमागची खोली मला दिली. दिवसभर मी त्याच्यासोबत ट्रकखाली पडून असतो. तो म्हणतो, "काय बे बालिस्टर, तिकडचा धूर पाह्यला, आता इकडचाबी पाहून घे."

कॉलेज सोडलं कारण तिथल्या मास्तरांनी माझा अपमान केला. तो मी सहन करणाऱ्यांतला नाही, हे तुला माहीत आहे.

तू मला अकरा प्रश्न दिले होतेस. मी तुला एकच विचारला, बारावा. 'नाही' म्हणायचं असेल तर काही लिहू नको, असं मीच म्हटलं होतं. तू लिहिलं नाहीस. पाच महिने नाही लिहिलंस. सांगितलेलं काम चोख करणारी तू, हेही चोखच केलंस.

ऐकतो की कोळसा खाणीतल्या कारकुनाचं स्थळ आलंय. चांगलं आहे. त्यालाही प्रश्न लिहून दे.

श्रावण


पांढरकवडा,
१५ एप्रिल १९६१

सत्यशीला, जय भीम.

मागचं पत्र पेटीत टाकलं आणि पेटीच्या तोंडातून हात आत जातो का ते बघत उभा राहिलो. मनगटापर्यंत जातो. पुढे जात नाही. पोस्टमास्तर खिडकीतून ओरडला, "काय गा, तुह्या बापाची पेटी हाय का?" मी त्याच्याशीही भांडलो.

तुझा अकरा प्रश्नांचा कागद अजून माझ्याजवळ आहे. वहीचा आडवा फाडलेला, घड्यांवर झिजलेला. मोटार स्टँडवर सगळ्यांसमोर तू तो माझ्या हातात दिलास आणि मोठ्याने म्हणालीस, "भूगोलाचा अभ्यास आहे माझा. सगळे पूल, मनोरे पाहतात, तू हे पाहून ये." तुझी माय म्हणाली, "थ्याले शिकू तं दे व, पोट्टी." आणि तू म्हणालीस, "हेच शिकणं आहे."

मी तिथे जे काही पाहिलं ते त्या कागदाच्या मागे-मागे फिरून पाहिलं. सोबतची पोरं राजवाडा पाहायला लंडनला गेली, तेव्हा मी तिथल्याच जमिनीखालच्या रेल्वेत तीन तास या टोकाकडून त्या टोकाला जात होतो. 'जमिनीखाली गाडी जाते तिथे झाडांची मुळं दिसतात का?' हा तुझा तिसरा प्रश्न. काचेला नाक लावून बसलो. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, काही हरवलं का. मी म्हटलं, झाडांची मुळं शोधतोय. तो उठून दुसरीकडे जाऊन बसला. मुळं दिसत नाहीत, हे तुला कळवलं होतं. पण तीन तासांनी वर आलो तेव्हा समोरच एक मोठं झाड होतं आणि त्याच्या बुंध्याला हात लावून मी उभा राहिलो, हे कळवलं नव्हतं. वेडा म्हणशील म्हणून.

'बर्फ पडताना आवाज येतो का?' त्याचं उत्तर तू वर्गात वाचून दाखवलं होतंस म्हणे. मी डोक्यावर टोपी न घालता अंगणात उभा राहून ऐकलं. बर्फाचा आवाज येत नाही. उलट असलेले आवाज निघून जातात. गाडी, कुत्रं, बाजूच्या गिरणीचा भोंगा, सगळं लांब जातं. घरमालकीण चमचाभर औषध घेऊन बाहेर आली होती.

आणि गोऱ्या बायकांचं धुणं! मी आपलं गाठोडं घेऊन धुलाईघरात शिरलो तर आत साठ-सत्तर बायका, वाफच वाफ, आणि एकही पुरुष नाही. एक दांडगी बाई हातातलं ओलं फडकं उगारून माझ्यावर आली. मी घाबरून तुझा कागद काढला. सांगितलं, माझ्या गावच्या एका मुलीने विचारलंय की तुम्ही धुणं कुठे धुता. असा हशा झाला की काय सांगू. मला तासभर पिळायच्या चरकाचा दांडा फिरवायला लावला. एका म्हातारीने विचारलं, "ती मुलगी कोण तुझी?" मी म्हटलं, बहीण. ती म्हणाली, "बहिणीसाठी कोणी इतका घाम गाळत नाही." हे मी तुला लिहिलं होतं, फक्त म्हातारीचं वाक्य सोडून.

आता सातवा. 'आपला कापूस तिथे दिसतो का?' मी लिहिलं होतं की दिसला, लिव्हरपूलच्या गोदीत बाबांच्या जिनाचा लाल शिक्का असलेली गाठ मी स्वतःच्या हाताने चाचपली. ते खोटं होतं. गोदामात चोरून शिरलो हे खरं. रखवालदाराने कॉलर पकडली हेही खरं. मी त्याला म्हटलं, माझ्या बापाने बांधलेली गाठ शोधतोय. त्याने कॉलर सोडली. पोलिसाला बोलावण्याऐवजी कंदील घेऊन माझ्यासोबत रांगेरांगेने फिरला. इजिप्तच्या गाठी होत्या, अमेरिकेच्या होत्या, सुदानच्या होत्या. आपली एक नव्हती. तो म्हणाला, पुढच्या जहाजाला येईल बघ. बाबांनाही मी खोटंच कळवलं, आणि ते जिनात सगळ्यांना सांगत फिरले. आता त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही त्याचं हे एक कारण.

खोटं निघालंच आहे तर अजून एक. मास्तरांनी माझा अपमान केला नव्हता. ९ जानेवारीला मी मागावर बसलो, माझ्या हाताखाली तीनदा सूत तुटलं, तेव्हा मास्तर फक्त म्हणाले, "आज तुझं लक्ष दुसरीकडे आहे." एवढंच. मी हातातला धोटा फेकला. खिडकीची काच फुटली. मास्तर म्हणाले, माफी माग आणि कामाला लाग. मी माफी मागितली नाही. तीन दिवस त्यांनी वाट पाहिली. शिष्यवृत्ती मी अशी घालवली, आणि जी माझ्यानंतर आपल्या दुसऱ्या कोणा पोराला मिळाली असती तिच्यावरही डाग लावला.

हे सगळं त्या कार्डापायी. मागच्या ऑगस्टमध्ये समुद्रावर गेलो होतो. तिथे समुद्रात दूरपर्यंत लाकडी पूल बांधलाय, त्यावर माणसं नुसती चालत जातात आणि परत येतात. पुलाच्या टोकाला उभा राहिलो आणि वाटलं, आता, याच घटकेला विचारायचं. लिफाफा आणायला परत कोण जाणार? पुलाचंच चित्र असलेलं कार्ड घेतलं आणि कठड्यावर ठेवून लिहिलं : 'बारावा प्रश्न माझा. अजून दोन वर्षं आहेत. थांबशील का? थांबणार असशील तर लिही. नसशील तर काही लिहू नको, मी समजेन.' खाली कोपऱ्यात 'तुझाच' असं लिहिलं. मग पोस्टमन वाचेल म्हणून लाज वाटली, तर तेवढा नखाएवढा कोपरा फाडून समुद्रात टाकला. केळापूरच्या तुझ्या घरचा पत्ता घातला, नेहमीसारखा, कारण तू शिकत होतीस तिथल्या वसतिगृहात बाई पत्रं फोडून वाचायच्या. तू दर शनिवारी घरी यायचीस.

त्यानंतर मी तुला एक ओळ लिहिली नाही. वाट पाहिली.

तुझा अकरावा प्रश्न मात्र राहिलाय. त्याचं उत्तर मला तिथे असताना देता आलं नाही.

श्रावण


पांढरकवडा,
२२ एप्रिल १९६१

सत्यशीला,

तुझं कार्ड आलं. आठ महिन्यांनी तुझं अक्षर, आणि एवढंच : 'तुझं सात तारखेचं पत्र मिळालं. माझे अकरा प्रश्न होते, अकरावा तू टाळलास. बारावा कोणता?'

नजीर ट्रकखालून म्हणाला, "काय झालं बे? कोन मेलं?" मी म्हटलं, कोणी नाही. तिला कार्ड मिळालंच नाही. पान्याच्या ऐवजी मी त्याच्या हातात हातोडी दिली. मग त्याने सांगितलं की दिवाळीत तू गॅरेजवर आली होतीस आणि विचारलं होतंस, श्रावणची काही खबर. मला का नाही कळवलंस, विचारलं तर म्हणतो, "मी तुले काहून लिहू? मले वाटलं, तुमी दोघं शिकलेले, एकमेकाले रोज लिहून राह्यले असान."

म्हणजे तूही वाट पाहत होतीस. तुला वाटलं मी विसरलो, मला वाटलं तू नाही म्हणालीस.

पंधरा तारखेचं पत्र एव्हाना तुला मिळालं असेल. त्यात बारावा कोणता ते आहे. पण मला आता एकच समजून घ्यायचंय, ते कार्ड कोणी घेतलं. ज्याने घेतलं त्याला मी सोडणार नाही. आधी केळापूरला तुझ्या घरी जातो.

श्रावण


पांढरकवडा,
२९ एप्रिल १९६१, शनिवार सकाळ

सत्यशीला, जय भीम.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. उद्या दुपारी तुझ्या मावशीकडे त्या कारकुनाच्या घरचे पाहुणे येणार, हे मला तुझ्या मायकडून कळलं. पोस्ट सोमवारी पोचेल. म्हणून मी स्वतः घेऊन येतोय. मग लिहायचंच कशाला, म्हणशील. तुझ्यासमोर उभा राहिलो की मी आधी भांडतो. हे तू वाच, तोवर मी अंगणात थांबेन.

रविवारी केळापूरला गेलो. घरी तुझी मायच होती. कौसल्याकाकू अंगणात तूर पाखडत होत्या. मी फाटकातूनच ओरडलो, "माझं कार्ड कोणी घेतलं?"

"ये बापा, बस तं पह्यले. कोन्तं कार्ड?"

"समुद्राचं. समुद्रात लाकडी पूल आहे त्याचं."

त्यांच्या हातातलं सूप खाली आलं. म्हणाल्या, "पुलावर मानसंच मानसं होती, थेच?"

"हो, तेच!"

"थ्याचा कोपरा फाटेल होता, बापा."

सत्यशीला, कोपरा फाटलेलं कार्ड! माझा आजा वारला तेव्हा आत्याकडून तसंच कार्ड आलं होतं. पोस्टमनने ते हातात दिलं नव्हतं, दाराबाहेर दगडाखाली ठेवलं होतं. बाबांनी ते घरात आणलं नाही. निंबाखाली उभं राहून वाचलं, तिथेच फाडलं, आंघोळ केली, मग आत आले. मेल्याची खबर कोपरा फाडून पाठवतात, आणि ते कार्ड उंबरा ओलांडत नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मला माहीत नव्हतं असं नाही. मी विसरलो. एका वर्षात मी इतका विलायती झालो की फाटक्या कोपऱ्याचा अर्थ विसरलो, आणि दोष देत राहिलो तुला.

म्हणजे माझं सगळं बदललं ते ९ जानेवारीला नाही. ते त्या पुलावर बदललं, मी नखाएवढा कागद फाडला तेव्हा. समुद्राचा वारा होता, तुकडा लगेच उडाला.

मी ज्याला सोडणार नव्हतो तो मीच निघालो. काकूंना काय बोलणार! मी म्हटलं, जाऊ द्या, मी हे सत्यशीलाला सांगत नाही. कार्ड वाटेत हरवलं म्हणतो. त्या एकदम म्हणाल्या, "नाही. लिही. मले लिहिता येत नाही, नाही तं मीच लिहिलं असतं. मी सांगतो तसं लिही, अन् एक शब्द सुधारू नको." हे त्यांचं :

"सत्ये, मी तुही माय सांगून राह्यली. कार्ड आलं तं घरी मी एकलीच होती. पोस्टमन बाहेरच ठेवून गेला. मी पाह्यलं, चित्र श्रावणच्या कार्डासारखं, अन् कोपरा फाटेल. मले वाटलं पोट्टा गेला. वाचाले कोनाले बलावू? मंग बाई मी थे चुलीतबी नाही टाकलं, बाहेरच्या बाहेर फाडलं अन् नाल्यात सोडलं, अन् डोक्यावरून पानी घेतलं. दोन दिवस अन्नाले शिवली नाही. तिसऱ्या दिवशी जिनात गेली अन् देवरावले इचारलं, पोरगा बरा हाय न गा? थे म्हने, बरा हाय, कालच चिठी आली. मले इतकं रडू आलं, थे म्हने बाई तुमी रडून काहून राह्यल्या? मंग शनवारी तू आली. मी तुले काय सांगू? तू बुद्धाच्या बिहारात उभी राहून बायांले सांगते, भेऊ नका, भुतं नाही, देव नाही, अपशकुन नाही. नागपूरहून दीक्षा घेऊन आलो तं आपन घरचे देव गावच्या खुनी नदीत सोडले, मी सोताच्या हातानं सोडले, मांगं पाह्यलं नाही. अन् तुही तेच माय एका कागदाच्या कोपऱ्याले भेली. मले लाज वाटली, पोरी. म्हनून नाही सांगतलं. तू श्रावणची चिठी आली का म्हनून दर शनवारी इचारे, अन् मी नाही म्हने. थे नाही म्हननं खरंच होतं, पन त्याच्यातबी माहं खोटं होतं. आता तुह्या मनाले पाहून कर. मी पाहुन्याईले काई बोलली नाही अजून."

एक शब्द सुधारला नाही. त्यांनी मला तीनदा वाचून दाखवायला लावलं. तिसऱ्यांदा डोळे पुसून म्हणाल्या, "बरं लिहिते तू. कालेज काहून सोडलं मंग?"

बाबांनाही मी त्या गाठीचं खरं सांगितलं, काल, जिनाच्या दारात. त्यांनी हातातली पट्टी आवळून पुरी केली. मग म्हणाले, "थो रखवालदार तुह्यासंगं कंदील घेऊन हिंडला?" मी हो म्हटलं. "भला मानूस होता," म्हणाले. पावणेदोन महिन्यांत माझ्याशी बोललेलं हे पहिलं. संध्याकाळी निरोप आला की जेवायला घरी ये.

मास्तरांना माफीचं पत्र लिहिलंय. ते मला परत घेतील असं नाही. काच फोडणाऱ्याने माफी मागायची असते म्हणून लिहिलं. अमरावतीला पुढे शिकता येईल का तेही विचारलंय.

आता तुझा अकरावा. 'तिथे असताना गाव आठवतं तेव्हा सगळ्यात आधी काय आठवतं?' मी टाळलं, कारण उत्तर पहिल्या दिवसापासून एकच होतं आणि ते कार्डावर लिहिण्यासारखं नव्हतं. छप्पन सालचा तो ऑक्टोबर. नागपूरहून परत येताना नजीरच्या वडिलांचा, गुलाम नबी चाचांचा ट्रक. मी सतरा वर्षांचा, तू पंधराची. तुझ्या मायने सकाळी धुतलेलं पांढरं लुगडं वाळलं नव्हतं. तू म्हणालीस, "ए, हे टोक धर." एक टोक तू धरलंस, एक मी. ट्रक पळत होता आणि ते लुगडं सगळ्यांच्या डोक्यावर शिडासारखं फुगलं होतं. त्याखालची सगळी माणसं वर बघून हसत होती, माझी आज्जीसुद्धा, जिला मी त्याआधी हसताना पाहिलं नव्हतं. जाम गावाशी ते वाळलं. हिंगणघाट मागे पडलं तरी तू टोक सोडलं नव्हतंस. मीही नव्हतं. वाळलंय हे दोघांनाही माहीत होतं.

मँचेस्टरच्या बाजूला कापड विणायला शिकताना, मागावरून पांढरं कापड खाली उतरायचं तेव्हा दर वेळी मला ते टोक हातात आल्यासारखं वाटायचं. हे अकराव्याचं उत्तर.

आणि बारावा प्रश्न परत विचारतो, पण वेगळा. त्या वेळी मी लिहिलं होतं, नाही असेल तर काही बोलू नको. ते मी भित्रेपणाने लिहिलं होतं, मोठेपणाने नाही. आता असं म्हणत नाही. थांबशील का? माझी नोकरी नाही, पदवी नाही, राग आहे तितकाच आहे. तो कारकून, सगळे सांगतात, चांगला माणूस आहे. 'नाही' म्हणायचं असेल तर अंगणात येऊन तोंडाने म्हण. मी ऐकेन आणि भांडणार नाही. पण गप्प राहू नको. तुझ्या गप्प राहण्याचा अर्थ मी लावला की काय होतं, ते आपण पाहिलं.

बाहेर नजीर हॉर्न वाजवतोय. खाणीकडे माल न्यायचाय त्याला, मारेगाववरून वणीला जाणार. पुढे, त्याच्या शेजारी, तुझी माय बसलीय. मी म्हटलं, काकू, एस.टी.ने या आरामात. म्हणाल्या, "मीबी येतो. माहं मी तोंडानंच सांगतो, तू नुसतं कागद दे." मांडीवर पिशवी आहे आणि पिशवीत तुझ्यासाठी तुरीची डाळ. नजीर ओरडतोय, "चल बे बालिस्टर, का मुहूर्त काढून राह्यला?"

या कागदाचे चारही कोपरे पाहून घेतले. शाबूत आहेत.

पत्राची घडी करतो. तुझा प्रश्नांचा कागद खिशात आहे. या खोलीचं दार फुगलंय, नुसतं लोटून लागत नाही, दोन्ही हातांनी ओढावं लागतं. उठतो, बाहेर पडतो आणि ते ओढून घेतो.

श्रावण